पेल्याची किंमत आणि बैठकीचें भाडें

इंग्लंडमधील जुन्या धाटणीच्या पबमध्यें एक मौजेची रीत होती. घर एकच, मालक एकच, तळघरांतील पिंपही एकच; पण त्या पिंपांतील बिअर रस्त्याकडच्या साध्या दालनांत उभ्याउभ्यानें घेतली तर तिची किंमत एक, आणि आंतल्या गालिच्याच्या व गादीच्या आसनांच्या दालनांत बसून घेतली तर पाइंटमागें एखादा पेनी अधिक. पेय तेंच, माप तेंच. मग हा जास्तीचा पेनी कशाचा? उत्तर उघड आहे. तो बैठकीचा. आणि आंतल्या दालनांतील एक पेनी जर बैठकीचा, तर बाहेरच्या दालनांतील पेल्याच्या किंमतींतही बैठकीचा कांहीं अंश असलाच पाहिजे. आज तर बिअर दुकानांतून डब्यांत विकत घेऊन घरीं नेली तर पबपेक्षां पुष्कळच स्वस्त पडते. तरी पबांत जाणारे जातातच.

पबांत पिण्यासाठीं मोजलेला पैसा वसूल होतो काय, हा प्रश्न इंग्लंडांत निदान दोनशें वर्षें विचारला जात आहे. धर्मोपदेशकांनीं तो विचारला, कारखानदारांनीं विचारला, समाजशास्त्रज्ञांनीं विचारला. आणि शनिवारीं रात्रीं पगार घेऊन येणाऱ्या नवऱ्याची वाट पाहत बसलेल्या बायकांनीं तर कितीदां तरी विचारला असेल. या प्रश्नाचा इतिहास पाहूं गेल्यास असें दिसतें कीं, यांत दोन प्रश्नांचा गुंता आहे. पेल्यांत काय मिळतें, हा एक. आणि पेल्याच्या निमित्तानें काय मिळतें, हा दुसरा. ज्या सुधारकांनीं हे दोन प्रश्न एकच समजले त्यांचे उपाय बहुधा फसले. ज्यांनीं ते निराळे केले त्यांना थोडें तरी यश आलें.

‘पब’ हा ‘पब्लिक हाऊस’ या नांवाचा संक्षेप आहे. पब्लिक हाऊस म्हणजे सार्वजनिक घर. या नांवांत दारूचा उल्लेखही नाहीं. उल्लेख आहे तो घराचा. मराठींत दारूच्या दुकानास गुत्ता म्हणतात, आणि गुत्ता या शब्दाचा मूळ अर्थ मक्ता किंवा ठेका. विक्रीचा हक्क सरकारानें मक्त्यानें द्यावयाचा, आणि त्या मक्त्याचेंच नांव पुढें दुकानास चिकटावयाचें, असा हा प्रकार. एका भाषेच्या डोळ्यांपुढें घर होतें, दुसरीच्या डोळ्यांपुढें सरकारी करार होता. एवढ्या भेदावरूनही दोन देशांतील पिण्याच्या जागांविषयीं बरेंच कांहीं कळून येतें.

इंग्लंडांत सरकार या घरापासून दूर होतें असें मात्र नव्हे. १५५२ सालीं, सहाव्या एडवर्डच्या कारकीर्दींत, बिअर विकणाऱ्या घरांना स्थानिक न्यायाधीशांचा परवाना सक्तीचा झाला. अठराव्या शतकांत स्वस्त जिननें लंडनच्या गोरगरिबांची दुर्दशा केली, तेव्हां १७३६ सालीं जिनच्या किरकोळ विक्रीवर वर्षाला ५० पौंडांची जबर परवाना-फी बसविण्यांत आली. लोकांनीं हा कायदा धाब्यावर बसविला आणि १७४३ सालीं तो रद्द करावा लागला. १७५१ च्या अधिक शहाणपणाच्या कायद्यानें कांहींसा आळा बसला. त्याच वर्षीं हॉगार्थ या चित्रकारानें दोन चित्रें प्रसिद्ध केलीं. जिनच्या गल्लींत उपासमार आणि मृत्यु, आणि बिअरच्या रस्त्यावर धष्टपुष्ट, आनंदी नागरिक, असा त्यांतील विरोध होता. जिन हें विष आणि बिअर हें राष्ट्रीय पेय, ही समजूत इंग्रजी मनांत दृढ झालेली होती.

याच समजुतीच्या जोरावर १८३० सालीं, वेलिंग्टनच्या मंत्रिमंडळाच्या अमदानींत, बिअरवरील कर उठविण्यांत आला, आणि दोन गिनी भरणाऱ्या कोणाही करदात्या गृहस्थास आपल्या घरांत बिअर विकण्याची मुभा मिळाली. न्यायाधीशांच्या परवान्याची गरज उरली नाहीं. पहिल्या सहा महिन्यांतच चोवीस हजारांहून अधिक लोकांनीं असे परवाने घेतले. न्यायाधीशांचा अधिकार पुन्हां प्रस्थापित होण्यास १८६९ साल उजाडावें लागलें.

आतां हीं घरें भरलीं कां, हें पाहिलें पाहिजे. मँचेस्टर, लीड्स, लिव्हरपूल अशा शहरांत खेड्यांतून येणाऱ्या मजुरांचे लोंढे लोटत होते. एका खोलींत सबंध कुटुंब. ओलसर भिंती, धूर, वाळत घातलेले कपडे, रडणारीं मुलें. दिवसभर गिरणींत किंवा खाणींत राबून आलेल्या माणसास त्या खोलींत पाय पसरण्यासही जागा नसे. कोपऱ्यावरच्या पबांत मात्र भडकलेली शेगडी, गॅसचा लखलखीत दिवा, आरसे, वर्तमानपत्र, आणि चार ओळखीचे चेहरे असत. घरीं जें परवडत नव्हतें तें सारें तेथें कांहीं पेन्सांत दोन तास भोगावयास मिळे. गरिबाची बैठकीची खोली, असें पबला म्हटलें तर तें खोटें होणार नाहीं.

पबांत नुसत्या गप्पाच होत असें नाहीं. आजारपणांत व मृत्यूच्या प्रसंगीं मदत करणाऱ्या मजुरांच्या परस्पर-साहाय्य मंडळ्या पबांतच भरत. त्यांची पेटी पुष्कळदां तेथेंच ठेवलेली असे. कामगार संघांच्या बैठकी तेथेंच होत, आणि गांवोगांव काम शोधीत फिरणाऱ्या कारागिरास संघाच्या ठरलेल्या पबांत रात्रीचा आसरा मिळे. मालक सभेला खोली फुकट देई; परंतु सभासदांनीं कांहीं ठराविक बिअर घेतली पाहिजे, असा अलिखित करार असे. या करारास ‘ओलें भाडें’ असें मार्मिक नांव पडलें होतें. भाडें घेतलें जात नव्हतें असें नाहीं. तें पेल्यांतून घेतलें जात होतें, एवढेंच.

परंतु या भाड्याची एक काळी बाजू होती. जो खोली देतो तो अटही घालूं शकतो. लंडनच्या थेम्स नदीवर जहाजांतून कोळसा उपसणाऱ्या हमालांची हकीगत या बाबतींत बोलकी आहे. त्यांना काम मिळे तें पबवाल्यांमार्फत. टोळींत कोणास घ्यावयाचें हें पबवाला ठरवी, आणि जो अधिक पिई त्याला अधिक काम. न पिणाऱ्यास उपाशी बसण्याची पाळी. म्हणजे येथें पेला हें बैठकीचें भाडेंही राहिलें नव्हतें. तो रोजगारावरील एक कर झाला होता. १८४३ सालीं पार्लमेंटनें खास कायदा करून या हमालांसाठीं स्वतंत्र नोंदणी-कचेरी उघडली, तेव्हां ही साखळी तुटली. याच सुमारास दुसरी एक अनिष्ट चाल होती: मजुरांचा पगार पबांत वाटावयाचा. शनिवारीं मुकादम मोठी नोट घेऊन पबांत जाई, सुटे पैसे होईपर्यंत मजूर पीत बसत, आणि सुटे होतांच त्यांतले बरेच तेथेंच राहत. १८४२ सालीं खाणींपुरती व १८८३ सालीं इतर बहुतेक कामगारांपुरती ही चाल कायद्यानें बंद झाली.

येथवर जमेची बाजू आणि खर्चाची बाजू सरमिसळ झालेली दिसते. खर्चाचा चोख हिशेब मांडण्याचा पहिला मोठा प्रयत्न प्रेस्टन येथील जोसेफ लिव्हसे यानें केला. लिव्हसे हा धंद्यानें चीजचा व्यापारी. १८३२ सालीं त्यानें व त्याच्या सहकाऱ्यांनीं मद्य पूर्णपणें वर्ज्य करण्याची शपथ घेतली. बिअर हें पौष्टिक अन्न आहे, ही हॉगार्थच्या काळची समजूत खोडून काढण्यासाठीं त्यानें व्याख्यानें दिलीं. जव भिजवून, मोड आणून, आंबवून बिअर करतांना धान्यांतील सत्त्वाचा केवढा भाग वायां जातो, आणि त्याच पैशांत भाकरी घेतली तर काय मिळालें असतें, हें तो आंकड्यांनीं दाखवी. पेल्यांत काय मिळतें या प्रश्नाचें लिव्हसेनें दिलेलें उत्तर बिनतोड होतें. पण पबांत जाणारा मजूर भाकरीसाठीं तेथें जातच नव्हता, ही गोष्ट त्या हिशेबांत बसत नव्हती.

एकोणिसाव्या शतकांतील पिण्याचा कळस १८७६ च्या सुमारास झाला. त्या वेळीं बिअरचा खप लहान मुलें धरून माणशीं वर्षाला सुमारें ३४ गॅलन होता. मजुरी वाढली होती; पण घरें तितकीं सुधारलीं नव्हतीं, आणि जास्तीच्या मजुरीनें विकत घेण्यासारख्या दुसऱ्या सुखसोयी अजून स्वस्त झाल्या नव्हत्या. पुढील वर्षांत स्वस्त चहा, साखर, तयार कपडे, आगगाडीच्या सहली आणि फुटबॉलचे सामने हे पबचे प्रतिस्पर्धी म्हणून पुढें आले, आणि खप हळूहळू उतरूं लागला.

तरीही खर्च किती होता, याचें उत्तर यॉर्क शहरांत मिळालें. चॉकलेटच्या प्रसिद्ध कारखान्याच्या घराण्यांतील सीबोम राउन्ट्री यानें १८९९ सालीं तेथील मजूर कुटुंबांची घरोघर पाहणी केली आणि १९०१ सालीं ती प्रसिद्ध केली. त्या वेळीं बारा पेन्सांचा शिलिंग आणि वीस शिलिंगांचा पौंड असे. आईबाप व तीन मुलें यांना नुसतें शरीर धड ठेवण्यासाठीं आठवड्यास २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असें त्याच्या हिशेबीं ठरलें. या रकमेंत वर्तमानपत्र नव्हतें, तंबाखू नव्हती, मुलांस एखादें खेळणें नव्हतें, आणि अर्थातच बिअरचा एक थेंबही नव्हता. आणि मजूर कुटुंबाचा पिण्यावरील सरासरी खर्च आठवड्यास ६ शिलिंगांहून कमी नसावा, असा त्याचा अंदाज होता. कुटुंबाच्या मिळकतीच्या एक-षष्ठांशाहून हा भाग अधिक होता.

शहराच्या लोकसंख्येपैकीं २७.८४ टक्के लोक दारिद्र्यांत होते. त्यांपैकीं ९.९१ टक्क्यांची मिळकतच अपुरी होती. उरलेल्या १७.९३ टक्क्यांची मिळकत कशीबशी पुरण्यासारखी होती. पण तिचा कांहीं भाग दुसरीकडे वळल्यामुळें तीं कुटुंबें दारिद्र्यांत होतीं, आणि या वळणांत पिण्याचा वाटा मोठा होता. तथापि राउन्ट्री नुसता नीतिपाठ देऊन थांबला नाहीं. त्यानें पबांच्या दारांशीं नजर ठेवून आंत जाणाऱ्यांची गणना करविली, आणि आंतील ऊब, गाणें व मित्रभाव यांचें आकर्षण केवढें आहे हेंही नमूद केलें. घर कोंदट आणि आयुष्य कंटाळवाणें असेल तर पबकडे पाऊल वळणें स्वाभाविक आहे, हें त्याला दिसत होतें.

येथें मूळ प्रश्नाची खरी मेख आहे. बैठक मिळत होती ती एकाला, आणि भाडें भरलें जात होतें तें सर्वांच्या पानांतून. नवऱ्याला मिळालेली शेगडीची ऊब ही पुष्कळदां घरच्या न पेटलेल्या शेगडीची किंमत होती. स्त्रिया पबांत जात नसत असें नाहीं. पण बहुसंख्य घरांत शनिवारची बैठक पुरुषाची, आणि सोमवारीं नवऱ्याचा चांगला कोट सावकाराकडे गहाण ठेवण्याची वाट बायकोची, असाच क्रम होता. तेव्हां ‘पैसा वसूल झाला काय?’ असें विचारणाऱ्यानें ‘कोणाचा?’ हेंही विचारावयास हवें होतें.

मग पेला आणि बैठक यांची फारकत करतां येईल काय? इंग्लंडांत हा प्रयोग वारंवार झाला. १८३५ सालीं सॅलफर्ड येथें रेकॅबाइट नांवाची परस्पर-साहाय्य मंडळी निघाली. तिचे सभासद मद्य घेत नसत व पबांत भरत नसत. ‘ओल्या भाड्या’तून सुटण्याचा हा मार्ग होता. १८६२ सालीं हेन्री सॉली या मद्यत्यागी धर्मोपदेशकानें मजुरांच्या क्लबांचा संघ स्थापन केला. खोली, शेगडी, पुस्तकें, वर्तमानपत्रें, खेळ, सर्व कांहीं. फक्त बिअर नाहीं, अशी मूळ कल्पना होती. पण कांहीं वर्षांतच सॉलीला बिअरला संमति द्यावी लागली, कारण बिअरच्या विक्रीवांचून क्लबांचा खर्च चालेना, आणि मजुरांना कोणाच्या उपकाराची खोली नको होती. पुढें १८८४ सालीं मजुरांनीं संघाचा कारभारच आपल्या हातीं घेतला. क्लबाचा नफा मालकाच्या खिशांत न जातां सभासदांच्याच उपयोगीं पडूं लागला, हा लाभ मात्र लहान नव्हता.

दुसरा प्रयोग कॉफी व कोको विकणाऱ्या पबांचा. लिव्हरपूलमध्यें १८७५ सालीं ‘ब्रिटिश वर्कमन पब्लिक हाऊस’ नांवाची कंपनी निघाली. गोदीजवळ उबदार, उजेडाचीं, बसण्याच्या सोयीचीं घरें तिनें उघडलीं. तीं चांगलीं चाललीं, कारण तेथें मजुराला उपदेश न करतां जागा व गरम पेय योग्य दरानें दिलें जात होतें. ज्या ठिकाणीं पेल्याबरोबर प्रवचनही पाजलें गेलें तेथें गिऱ्हाईक टिकलें नाहीं.

पहिल्या महायुद्धानें हा प्रश्न सरकारच्या दारांत आणून टाकला. दारूगोळ्याचे कारखाने अहोरात्र चालले पाहिजेत, आणि पिण्यानें काम बुडतें, अशी ओरड झाली. बिअरवरील कर पिंपामागें ७ शिलिंग ९ पेन्स होता तो नोव्हेंबर १९१४ मध्यें २३ शिलिंगांवर गेला, आणि १९२० सालीं तो १०० शिलिंग झाला. १९१५ सालीं स्थापन झालेल्या नियंत्रण मंडळानें पबांचे तास तोडले व दुपारची सुट्टी पाडली. एकानें दुसऱ्याला पाजण्यासही कित्येक भागांत बंदी झाली, कारण चार मित्र बसले कीं प्रत्येकानें एकेक फेरी दिलीच पाहिजे, या रिवाजामुळें एक पेला हवा असणाऱ्यास चार घ्यावे लागत. दारूबाजीबद्दल इंग्लंड व वेल्समध्यें १९१३ सालीं सुमारें १,८९,००० शिक्षा झाल्या होत्या. १९१८ सालीं त्या सुमारें २९,००० वर आल्या. लाखों तरुण आघाडीवर गेले होते व बिअरही पातळ झाली होती, हें ध्यानांत घेऊनही हा फरक लहान म्हणतां येत नाहीं. घर उघडें ठेवून पिणें कमी करतां येतें, हें त्यावरून सिद्ध झालें.

याहून धीट प्रयोग कार्लाइल शहरांत झाला. जवळच ग्रेटना येथें स्फोटकांचा प्रचंड कारखाना होता. १९१६ सालीं सरकारानें तेथील पब व बिअरचे कारखाने स्वतःच विकत घेतले. व्यवस्थापकास पगार ठरलेला. बिअर अधिक खपली म्हणून त्याला दमडीही अधिक मिळत नसे, पण जेवण व मद्येतर पेयें खपलीं तर वाटा मिळे. पाजण्यांत कोणाचा स्वार्थ नसला म्हणजे घर कसें असतें, हें पाहण्याचा हा प्रयोग होता. बसण्याच्या जागा वाढल्या, उपाहाराची सोय झाली. युद्धासाठीं सुरू झालेली ही व्यवस्था इतकी रुळली कीं ती १९७३ सालापर्यंत टिकली.

१९३७ सालीं टॉम हॅरिसन व त्याचे सहकारी बोल्टन या गिरणगांवांत लोकांच्या नित्य व्यवहारांचें निरीक्षण करूं लागले. त्यांचें पबांवरील पुस्तक १९४३ सालीं निघालें. प्रार्थनामंदिरें, सिनेमागृहें, नृत्यगृहें आणि राजकीय संस्था या सर्वांच्या एकत्रित वाट्यास येतो त्याहून लोकांचा अधिक वेळ व पैसा पबांत जातो, असें त्यांस आढळलें. घड्याळ लावून बसलेल्या या निरीक्षकांना असेंही दिसलें कीं एका टोळक्यांतले लोक आपापले पेले जवळजवळ एकाच वेळीं संपवितात. तहान ही ज्याची त्याची असते. पण हें पिणें तहानेचें नव्हतें, संगतीचें होतें. १९४६ सालीं जॉर्ज ऑर्वेल यानें आपल्या आदर्श पबचें वर्णन केलें. त्यांतही बिअरपेक्षां घराच्या वातावरणालाच पहिला मान होता, आणि शेवटीं असें घर प्रत्यक्षांत नाहीं अशी कबुली होती.

युद्धानंतर मजुरांचीं घरें सुधारलीं. तेथें दिवे आले, उबेची सोय झाली, दूरचित्रवाणी आली. जी बैठक पबांत भाड्यानें घ्यावी लागे ती घरांतच मिळूं लागली, आणि पबचा पेला महाग वाटूं लागला. १९८० नंतरच्या वर्षांत ब्रिटनमध्यें अडुसष्ट हजारांच्या आसपास पब होते. आज ते पंचेचाळीस हजारांच्या आसपास उरले आहेत. पण कांहीं गांवांत उलट घडलें. कंब्रिया परगण्यांतील हेस्केट न्यूमार्केट या खेड्यांतला ‘ओल्ड क्राउन’ पब २००३ सालीं शंभराहून अधिक लोकांनीं भागभांडवल उभारून सहकारी तत्त्वावर विकत घेतला. बिअर दुकानांत स्वस्त मिळत असतांना या लोकांनीं पदरचे पैसे घातले ते पेल्यासाठीं नव्हेत. गांवाची बैठक मोडूं नये म्हणून घातले.

मुंबईच्या रहिवाशांस यांतलें मर्म सांगावें लागणार नाहीं. मुंबई शहरांत १ ऑगस्ट १९३९ रोजीं दारूबंदी सुरू झाली, तेव्हां गुत्ते बंद करणें हा एक भाग होता. चाळींतल्या एका खोलींत राहणाऱ्या गिरणी-कामगारानें संध्याकाळीं बसावें कोठें, हा दुसरा भाग कायद्याच्या कलमांत मावणारा नव्हता. त्याचें उत्तर भजनी मंडळांनीं, तालमींनीं, वाचनालयांनीं आणि संगमरवरी मेजावर एका चहावर तासभर बसूं देणाऱ्या इराण्याच्या हॉटेलानें आपापल्या परीनें दिलें. इराण्याच्या चहांतही बैठकीचें भाडें होतेंच. पण तें भरल्यानें घरची चूल विझत नव्हती.

पबांतील पेल्याचा पैसा वसूल झाला काय, याचा निवाडा इतिहास असा देतो: पेल्यापुरता तो क्वचितच झाला, बैठकीपुरता पुष्कळदां झाला, आणि ज्या घरांत एकाच्या बैठकीचें भाडें इतरांच्या पोटांतून गेलें तेथें तो कधींच झाला नाहीं. लोकांचें पिणें उणें करावयाचें असेल तर त्यांच्या हातचा पेला काढून घेण्याआधीं त्यांना बसावयास जागा दिली पाहिजे, आणि ती जागा घरच्या माणसांच्या वांट्यांतून काढलेली नसावी. लिव्हरपूलची कोको-घरें आणि कार्लाइलचे सरकारी पब यांचें जें कांहीं यश होतें, तें एवढी गोष्ट ओळखण्यांत होतें.